तिन्ही गाद्या सारख्याच दिसतात, मग घ्यायची कोणती?

प्रश्न : घरातल्या जुन्या गाद्या एकदमच बदलायच्या ठरल्या आहेत. माझं वय ४४, वजन ५२ किलो. मी कुशीवरच झोपते आणि सकाळी उठते तेव्हा उजवा खांदा आणि हात बधिर झालेला असतो. हात हलवला की पाच-दहा मिनिटांत मोकळा होतो. यांचं वजन ९५ किलोच्या आसपास आहे. झोपताना उताणे असतात, मध्यरात्री पालथे होतात आणि घामही खूप येतो. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्यांचे गुडघे दुखतात आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं.

एकाच कंपनीच्या मेमरी फोमच्या तीन गाद्या बघून आलो. पहिली २० सेंटिमीटर जाड, त्यात वरचा मेमरी फोम ५ सेंटिमीटर, घनता ५०, लेबलवर ‘मीडियम फर्म’. दुसरीही २० सेंटिमीटरचीच, पण मेमरी फोम ८ सेंटिमीटर, घनता ५०, ‘मीडियम’, शिवाय जेल असलेली. तिसरी २५ सेंटिमीटर, मेमरी फोम ८ सेंटिमीटर, घनता ६५, तीही ‘मीडियम’. हाताने दाबून पाहिलं तर तिन्ही सारख्याच वाटल्या. हे म्हणतात, पाठीला कडकच बरी, पहिली सगळ्यांना घेऊन टाकू. मला तिसरी जाड आहे म्हणून जास्त चांगली वाटते. नणंद चार महिन्यांच्या बाळाला घेऊन राहायला येणार आहे, बाळालाही नव्या गादीवर निजवता येईल असं मनात आहे. काय करू?

— तिघींच्या मधे अडकलेली

प्रिय ताई,

तुम्ही लेबलवरचे आकडे उतरवून आणलेत, त्यामुळे नेमकं काही सांगता येतंय. गाद्यांना दिलेली नावं आणि जाहिरातीतले शब्द बाजूला ठेवले तर निवड याच चार-पाच आकड्यांवर ठरते.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. सगळ्यांना एकच गादी घेऊ नका. तुमच्यासाठी दुसरी बरी, यजमानांसाठी पहिली. सासूबाईंसाठी या तिघींपैकी पहिलीचाच काय तो विचार करता येईल, पण माझं मत विचाराल तर त्यांच्यासाठी वेगळ्या प्रकारची गादी पाहावी. आणि बाळाला यातल्या कोणत्याही गादीवर निजवायचं नाही. या शेवटच्या मुद्द्यावर तडजोड नको, त्याबद्दल पुढे लिहिते.

हाताने दाबल्यावर तिन्ही सारख्या वाटल्या यात तुमचं काही चुकलेलं नाही. मेमरी फोम हा पॉलियुरेथेन फोमच असतो, फक्त तो दाबाखाली हळूहळू दबतो, दाब निघाला की हळूहळूच वर येतो आणि अंगाच्या उबेने मऊ पडतो. १९६६ साली अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने विमानातल्या आसनांकरता तो तयार केला. बसणाऱ्याचं वजन एका जागी न साचता पसरावं, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे हा फोम कसा वागेल हे त्याच्यावर किती वजन पडतंय, किती जागेवर पडतंय, किती वेळ पडतंय आणि तिथे ऊब किती आहे यावर ठरतं. तळहाताने दोन सेकंद दाबलं की यातलं काहीच घडत नाही. वरचा थोडा थर दबतो, तो तिन्हींत जवळपास सारखाच लागतो. खरा फरक त्याच्या खाली आहे आणि तिथपर्यंत पोहोचायला अख्खं माणूस पंधरा मिनिटं आडवं व्हावं लागतं.

एकच गादी तुम्हाला कडक आणि यजमानांना मऊ लागू शकते, ती यामुळेच. ५२ किलोचं शरीर वरच्या थरातच तरंगत राहतं. ९५ किलोचं शरीर तोच थर पार करून खालच्या फोमवर जाऊन टेकतं. लेबलवर ‘मीडियम’ लिहिलेलं असतं ते कुणा मधल्या वजनाच्या माणसाला धरून. तुमच्या घरात तसं मधलं कुणी नाही.

आता आकड्यांकडे वळू. यात सगळ्यात जास्त फसगत घनतेची होते. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. ६५ घनतेची गादी ५० घनतेच्या गादीपेक्षा कडकच असेल असं नाही, ती मऊसुद्धा असू शकते. कडकपणा वेगळ्या रीतीने मोजतात : फोमच्या तुकड्यावर एक गोल तबकडी दाबतात आणि जाडीच्या एक चतुर्थांशाइतका तो दाबायला किती जोर लागला ते पाहतात. हा आकडा कंपन्या लेबलवर क्वचितच छापतात, विचारला तर काही जण देतात. घनतेवरून कळतं ते वेगळंच काही. जास्त घनतेचा फोम सहसा अधिक वर्षं आकार टिकवतो, त्यात खड्डा उशिरा पडतो. त्याच्या बदल्यात तो दबायला आणि सावरायला बऱ्याचदा जास्त वेळ घेतो आणि ऊबही जास्त धरून ठेवतो. थंड खोलीत तर रात्री पहिल्यांदा अंग टाकल्यावर तो चांगलाच घट्ट लागतो.

‘मीडियम’, ‘फर्म’ हे शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने वापरते. एका कंपनीची मीडियम दुसऱ्या कंपनीच्या फर्मइतकी कडक निघू शकते. तुम्ही तिन्ही गाद्या एकाच कंपनीच्या पाहिल्यात, त्यामुळे तुमच्या यादीत या शब्दांची आपसात तुलना करायला हरकत नाही. उद्या चौथी गादी दुसरीकडे पाहिलीत तर मात्र हे शब्द धरून चालू नका.

माझ्या मते तुमच्या तीन गाद्यांमधला सगळ्यात मोठा फरक घनतेचा नाही आणि एकूण जाडीचाही नाही. तो आहे वरच्या थराचा, ५ सेंटिमीटर की ८. कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार खांदा आणि खुबा या दोन टोकांवर येतो. ओल्या मातीत टाच खोल रुतते आणि चवडा उथळ उमटतो, तसंच हे. खांदा नीट आत गेला नाही तर शरीराची सगळी बाजू त्याच्यावर तोलली जाते, खालच्या नसा आणि रक्तवाहिन्या दबतात आणि हात बधिर होतो. तुमच्या वजनाला ५ सेंटिमीटरचा मीडियम फर्म थर खांद्याला पुरेशी वाट देणार नाही. ८ सेंटिमीटरचा मीडियम देईल. म्हणून तुमच्यासाठी दुसरी.

तिसरीतही ८ सेंटिमीटरचाच थर आहे, मग ती का नको, असं तुम्ही विचाराल. तिच्यातले जास्तीचे ५ सेंटिमीटर कुठे आहेत बघा. दुसरीत वरचे ८ वजा केले तर खाली १२ उरतात, तिसरीत १७. म्हणजे वाढलेली सगळी जाडी खालच्या आधाराच्या फोममध्ये आहे आणि तुमचं शरीर तिथवर फारसं पोहोचतच नाही. जे तुमच्या अंगाला लागणार नाही ते जाड असून उपयोग काय? उलट ६५ घनतेचा थर तुमच्या वजनाखाली संथपणे दबेल, म्हणजे खांद्याला आत जायला जास्त वेळ लागेल. जाड गादी म्हणजे भारी गादी, हा समज फार पक्का बसलेला आहे. जाडीचा खरा फायदा वजनदार माणसाला होतो, कारण तो ती वापरतो.

आता यजमान. त्यांच्या ‘पाठीला कडकच बरी’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पूर्ण नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली स्पेनमधल्या कोवाक्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. कंबरदुखी जुनाट झालेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपलेल्यांची स्थिती जास्त सुधारलेली दिसली. तेव्हा फळीसारखी कडक गादी म्हणजे पाठीला औषध, हे डोक्यातून काढून टाकलेलं बरं. पण तुमच्या यजमानांना पहिली गादी योग्य आहे ती वेगळ्या कारणांनी. उताणं झोपलं की कंबरेखालच्या पोकळीला आधार लागतो आणि शरीराचा सगळ्यात जड भाग, म्हणजे खुब्यांचा, फार खोल जाऊ नये हे पाहावं लागतं. पालथं झोपल्यावर तर हे आणखी महत्त्वाचं होतं, कारण पोटाचा-कंबरेचा भाग रुतला की पाठीचा कणा झोळीसारखा मागे वाकतो आणि सकाळी कंबर धरते. ८ सेंटिमीटरच्या मीडियम थरात ९५ किलोचं माणूस असंच रुतेल. ५ सेंटिमीटरच्या मीडियम फर्ममध्ये थोडी गादी अंगाला लागेल आणि लगेच खालचा आधार मिळेल. पालथं व्हायची सवय असेल तर उशीही अगदी पातळ हवी, नाहीतर मानही मागे मुडपते.

पहिली घेताना विक्रेत्याला एक गोष्ट नक्की विचारा : खालचा आधाराचा फोम कोणता आहे आणि त्याची घनता किती? ही माहिती बहुतेक वेळा लेबलवर नसते, मेमरी फोमचीच तेवढी असते. तुमच्या यजमानांच्या वजनाला हा खालचा थर निदान ३० किलो प्रति घनमीटरच्या आसपास तरी असावा, जास्त असला तर उत्तमच. खालचा थर हलका असेल तर वरचा कितीही चांगला असो, गादी दोन-तीन वर्षांत मधे बसते आणि दोष मेमरी फोमला जातो.

घामाबद्दल. तुमच्या यादीत जेल, म्हणजे गारवा द्यावा म्हणून फोममध्ये घातलेला पदार्थ, फक्त दुसरीत आहे, म्हणून यजमानांना दुसरी द्यावी असा विचार मनात येईल. तो सोडा. जेलमुळे गादी अंग टाकताना गार लागते हे खरं, पण काही वेळाने जेलही अंगाइतकंच गरम होतं आणि मग त्याचा विशेष फायदा उरत नाही. उकडण्याचं मुख्य कारण असतं माणूस किती आत रुतलं आहे. जितकं रुतेल तितका फोम अंगाला चहूबाजूंनी वेढतो आणि हवा फिरायला जागा राहत नाही. कमी रुतणारी पहिली गादी जेल नसूनही त्यांना जास्त गार लागायची शक्यता आहे. त्यावर सुती चादर घाला. गादी घामापासून वाचवायला प्रोटेक्टर घ्याच, पण प्लास्टिकसारखा करकरणारा नको. पातळ, ताणला जाणारा, हवा जाऊ देणारा घ्या. जाड ताठ प्रोटेक्टर घातला तर मेमरी फोमला अंगाचा आकार घेताच येत नाही.

मग एका पलंगावर दोन वेगळ्या गाद्या कशा बसणार? पहिली आणि दुसरी, दोन्ही २० सेंटिमीटरच्या आहेत, आणि हा योगायोग तुमच्या फार उपयोगाचा आहे. दोन्ही सिंगल मापात मिळत असतील तर शेजारी शेजारी ठेवा. उंची सारखी, वरचं कापड सारखं, त्यामुळे पायरी पडणार नाही. मधल्या फटीसाठी फोमची पट्टी मिळते, दोन्ही गाद्यांना कंबरेभोवती आवळून धरणारा पट्टाही मिळतो आणि वरून एकच मोठी चादर अंथरली की पलंग एकसंध दिसतो. घेण्याआधी दोन्हींची लांबी-रुंदी जोडून पलंगाच्या मापात बसते का, ते टेपने मोजा, अंदाजावर जाऊ नका. आणखी एक फायदा म्हणजे गादी जुनी झाली की दोन्ही एकदम बदलाव्या लागत नाहीत. वजनदार माणसाच्या बाजूची आधी थकते.

काही जोडप्यांना मधे फट असलेला पलंग मनाला पटत नाही आणि ते कारणही मी क्षुल्लक मानत नाही. तुम्हाला अखंड गादीच हवी असेल तर तिघींपैकी तिसरी घ्या. तुम्हाला ८ सेंटिमीटरचा थर मिळेल, यजमानांना खालचे १७ सेंटिमीटर सांभाळतील आणि घनता जास्त असल्यामुळे दोघांचं वजन वेगळं असूनही गादी लवकर बसणार नाही. पण ती तडजोड असेल हे दोघांनी आधीच मान्य करून घ्या : त्यांना थोडं जास्त उकडेल, तुम्हाला पहिले काही दिवस खांद्याशी थोडी घट्ट लागेल. पहिलीच घेऊन तुमच्या अर्ध्यावर पातळ टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा वेगळा मऊ थर, टाकायचा, असं कुणीतरी सुचवेल. तसं करू नका. मधे पायरी पडते, टॉपर सरकत राहतो आणि महिनाभरात तो गुंडाळून कपाटात जातो.

मेमरी फोमची एक गोष्ट तिन्हींत सारखी चांगली आहे. एका बाजूचं माणूस कूस बदलतं तेव्हा हालचाल दुसऱ्या बाजूला फारशी पोहोचत नाही. यजमान मध्यरात्री पालथे होताना आतापर्यंत तुमची झोप मोडत असेल तर तेवढं नक्की थांबेल.

सासूबाईंचा विचार मात्र अगदी वेगळ्या अंगाने करायला हवा. त्यांना कसं झोपता येतं यापेक्षा त्यांना कसं उठता येतं, हे आधी बघा. मेमरी फोम हळू सावरतो, म्हणजे ज्या खळग्यात शरीर रुतलं आहे तो कूस बदलताना लगेच भरून येत नाही. तरुण माणसाला ते जाणवतही नाही, ते रेटून वळतं. गुडघे दुखणाऱ्या, हातातली ताकद कमी झालेल्या माणसाला प्रत्येक वेळी त्या खळग्यातून स्वतःला वर ओढावं लागतं. रात्री दोन-तीनदा उठायचं म्हणजे ही मेहनत दोन-तीनदा, तीही झोपेच्या गुंगीत आणि अंधारात. त्यात पलंगाच्या कडेवर बसल्यावर कडा खाली दबली तर पुढे घसरून पडायची भीती असते.

म्हणून त्यांच्यासाठी लगेच उसळी घेणारी गादी पाहा. हाय रेझिलियन्स (जास्त उसळीच्या) फोमची, लॅटेक्सची (रबरी फोमची) किंवा वर पातळ मऊ थर असलेली स्प्रिंगची चालेल. कडा भक्कम हवी. पाठीला आणि खुब्यांना टोचू नये इतपत वर मऊपणा हवा, पण रुतणं नको. तुमच्या यादीतलीच घ्यायची झाली तर पहिली, आणि तीही त्यांनी स्वतः तीन-चार वेळा झोपून-उठून पाहिल्यावरच. उंचीही मोजा. कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि खुबा गुडघ्याच्या पातळीला किंवा किंचित वर असला पाहिजे. फार खाली बसावं लागलं तर उठताना सगळा जोर गुडघ्यांवर येतो, फार उंच असेल तर पाय लोंबकळतात. जुनी गादी १० सेंटिमीटरची असेल आणि तुम्ही त्याच पलंगावर २५ची ठेवलीत तर उंची एका फटक्यात १५ सेंटिमीटरने वाढेल. घरातल्या ज्येष्ठांना न नेता त्यांची गादी ठरवून आणायची पद्धत मला मुळीच पटत नाही. त्यांना घेऊन जा. दुकानात आडवं व्हायला संकोच वाटेल, तर तुम्ही शेजारी आडव्या व्हा.

बाळाचं आता. चार महिन्यांच्या बाळाला मेमरी फोमवर निजवू नका, थोड्या वेळासाठीही नाही आणि आई शेजारी असली तरी नाही. मऊ पृष्ठभागात बाळाचं नाक-तोंड दबू शकतं आणि या वयात मान उचलून, वळून स्वतःची सुटका करून घेणं त्याला जमेलच असं नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली सुधारलेल्या सूचनांमध्ये हेच सांगितलं आहे : वर्षाच्या आतल्या बाळाला उताणं निजवावं, घट्ट आणि सपाट पृष्ठभागावर निजवावं, बाळाची झोपायची जागा वेगळी पण आईवडिलांच्याच खोलीत असावी आणि तिथे उशी, गुबगुबीत दुलई, मऊ खेळणी काही नसावं. मोठ्यांना आरामशीर वाटणारी गादी आणि बाळासाठी सुरक्षित गादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नणंदबाईंना पाळणा किंवा बाळाची छोटी घट्ट गादी सोबत आणायला सांगा किंवा तुम्ही आधीच सोय करून ठेवा.

तुमच्या खांद्याबद्दल थोडं आणखी. हात हलवल्यावर मोकळा होतो म्हणता, तेव्हा गादी आणि उशी हे पहिले संशयित. पण दिवसासुद्धा मुंग्या यायला लागल्या, बोटांतली पकड ढिली वाटली किंवा मानेतून हातात कळ जाऊ लागली तर गादीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. आणि गादी बदलली की उशीही तपासा. कुशीवर झोपताना कान आणि खांद्याचं टोक यांमधली पोकळी उशीने भरून निघायला हवी. नव्या गादीत खांदा जास्त आत जाईल, म्हणजे ही पोकळी कमी होईल आणि कडक गादीवर बरोबर बसणारी तुमची आजची उशी उंच पडू शकते. गादी चांगली घेऊनही मान अवघडते ती बऱ्याचदा अशी.

पुन्हा बघायला जाल तेव्हा घाई करू नका. ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर, आपली उशी घेऊन, प्रत्येक गादीवर निदान १५ मिनिटं पडून राहा. पहिल्या दोन मिनिटांत सगळ्याच चांगल्या वाटतात. तुम्ही कुशीवर असताना यजमानांना मागे उभं राहून बघू दे : मानेपासून माकडहाडापर्यंत कणा जमिनीला समांतर सरळ दिसतो, की मधे खाली झुकतो किंवा खांद्याशी वर उचलला जातो? ते उताणे झोपतील तेव्हा तुम्ही त्यांच्या कंबरेखालून हात सरकवून बघा. हात आरपार सहज गेला आणि वर मोकळी जागा राहिली तर गादी त्यांना कडक आहे. हात शिरायलाच तयार नसेल आणि खुबे खोल गेलेले असतील तर मऊ आहे. थोडा अडखळत गेला तर ठीक. पालथे झोपूनही बघायला सांगा, कितीही अवघडल्यासारखं वाटलं तरी.

पलंग कसला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. खाली पट्ट्या असतील तर दोन पट्ट्यांमधलं अंतर ७-८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर फोम त्या फटींत उतरतो. सलग फळी असेल तर आधार उत्तम मिळतो, पण खाली दमट हवा कोंडते, म्हणून अधूनमधून गादी उभी करून तिला वारा द्या. ही गादी उलटी करायची नसते, वरचा थर वरच राहिला पाहिजे. मात्र तीन-चार महिन्यांनी उशाकडची बाजू पायथ्याकडे फिरवत राहा, पहिल्या वर्षी विशेषकरून. काही गाद्यांमध्ये आग पसरू नये म्हणून आतल्या आवरणात काचेचे बारीक तंतू घातलेले असतात. लेबलवर ‘कव्हर काढू नये’ असं लिहिलेलं असेल तर चेन दिसली तरी उघडू नका. ते तंतू एकदा घरभर उडाले की निघता निघत नाहीत.

गुंडाळून आलेली गादी उघडली की रासायनिक वास येईल. खिडक्या उघड्या ठेवून दोन-तीन दिवस तिला तशीच पसरून ठेवा, तोपर्यंत जुन्यावर झोपा. वास त्रास देणारा असेल, घरात कुणाला दमा असेल तर जास्त दिवस थांबा. सर्टिपूर-यूएस किंवा ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० यांपैकी एखादं प्रमाणपत्र आहे का हे घेतानाच विचारून घ्या. त्यातून फोममध्ये किंवा कापडात ठरावीक घातक रसायनं नाहीत एवढं कळतं. गादी टिकाऊ आहे का, तुम्हाला मानवेल का, हे त्यावरून कळत नाही.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. परत करण्याची मुदत किती दिवसांची आणि वाहतुकीचा खर्च कुणाचा, ही एक. दुसरी, वॉरंटीत खड्डा म्हणजे किती खोल खड्डा धरतात. बहुतेक ठिकाणी अडीच ते चार सेंटिमीटरच्या पुढे गेला तरच दावा चालतो, तोही माणूस गादीवर नसताना मोजलेला, आणि गादीवर डाग असला तर अनेक कंपन्या दावा फेटाळतात. प्रोटेक्टर पहिल्या रात्रीपासून घाला असं सांगते ते यासाठीसुद्धा.

नवा फोम पहिले दोन-तीन आठवडे घट्टच लागतो, वापराने सैल होतो. एका रात्रीत गादीला नावं ठेवू नका आणि एका रात्रीत तिला पासही करू नका. सकाळी उठल्यावर खांदा कसा आहे, यजमानांची कंबर कशी आहे, हे दोघांनी रोज एका ओळीत कुठेतरी लिहून ठेवा. चौथ्या आठवड्यातही तुमचा हात पूर्वीसारखाच बधिर होत असेल तर आधी उशी बदलून आठवडाभर बघा, आणि तरीही फरक पडला नाही तर परतीची मुदत उरलेली असतानाच गादी परत पाठवा.